शेगाव तालुक्यातील केसगळती आणि तिची नावे

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले. बोंडगाव, कालवड आणि हिंगणा ही त्यातली पहिली गावे. पाठोपाठ कठोरा, भोनगाव, मच्छिंद्रखेड, घुई, माटरगाव, पहुरजिरा अशी नावे आरोग्य खात्याच्या यादीत चढत गेली. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली होती. त्यांत आठ वर्षांचे मूल होते तसे सत्तरी ओलांडलेले म्हातारेही होते; पुरुष होते, बायका होत्या, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या.

दुखण्याचा क्रम बहुतेकांच्या बाबतीत सारखा होता. आधी डोक्याला खाज सुटे, कातडीला मुंग्या येत. काहींना ताप आला, डोके दुखले, उलट्या-जुलाब झाले. मग अंघोळीच्या वेळी किंवा भांग पाडताना केसांचा पुंजका हातात येई. कोणी नुसती चिमटीत बट धरून ओढली, तरी ती मुळासकट निघे, आणि ओढताना दुखतही नसे. तीन-चार दिवसांत डोके साफ होई. मागे राहिलेली कातडी गुळगुळीत असे. तिच्यावर ना खपली, ना पू, ना चट्टा. घाबरून काहींनी उरलेले केस स्वतःच उतरवून टाकले.

वाहिन्यांनी या प्रकाराला ‘टक्कल व्हायरस’ म्हटले आणि दोन दिवसांत ते नाव राज्यभर झाले. विषाणू सापडल्याचा कोणताही पुरावा त्यामागे नव्हता. पण नाव पडले की वागणे त्यानुसार बदलते. व्हायरस म्हणजे लागण, आणि कोरोनाचा अनुभव ताजा असलेल्या लोकांना लागण म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. या गावांतल्या माणसाशी हात मिळवायला लोक बिचकू लागले. मुली डोक्याला रुमाल बांधून घरात बसल्या, शिक्षण खोळंबले, ठरलेली लग्ने मोडल्याच्या तक्रारी आल्या. केस गेल्याने शरीराला झालेला अपाय तात्पुरता होता; या नावाने केलेला अपाय बराच खोल गेला.

कातडीच्या रोगांची नावे हा मराठीत तसा समृद्ध भाग आहे. खरूज, नायटा, गजकर्ण, इसब, शिबे, कोड, नागीण, घामोळे, चामखीळ, कुरूप, गळू, अंगावर उठणारे पित्त, पावसाळ्यात चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या. यांतली अनेक नावे डोळ्यांना जे दिसते त्यावरून पडलेली आहेत आणि खेड्यातल्या माणसाला त्यांतला फरक चांगला कळतो. डोक्याच्या केसांपुरतेही तीन वेगळे शब्द आहेत. मुलांच्या डोक्यात खपल्या धरून केस तुटतात ते खवडे. रुपयाएवढी गोल, गुळगुळीत जागा उघडी पडते ती चाई. वयानुसार कपाळापासून मागे सरकत जाते ते टक्कल. आधुनिक त्वचारोगशास्त्रातही या तिन्ही गोष्टी वेगळ्याच मानल्या जातात. खवडे बुरशीमुळे होतात. चाईत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. टक्कल आनुवंशिकता आणि संप्रेरके यांमुळे पडते.

जुन्या वैद्यकात ही वाटणी आणखी बारकाईने केलेली आहे. सुश्रुतसंहितेत त्वचेचे सात थर नावांनिशी सांगितले आहेत: अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी आणि मांसधरा. केस गळण्याचा विचार तिथे इंद्रलुप्त आणि खालित्य या नावांखाली क्षुद्ररोगांत येतो. चरकसंहितेने कातडीचे बहुतेक विकार कुष्ठ या एका छत्राखाली घेऊन त्याचे अठरा प्रकार केले, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. दद्रु, पामा, विचर्चिका ही या अकरांतली. म्हणजे मुळात कुष्ठ हे एका रोगाचे नाव नव्हतेच. पुढे ते केवळ महारोगाला चिकटले, आणि अंगावर साधा पांढरा डाग दिसला तरी कोडाच्या माणसाला कुष्ठ्याची वागणूक मिळू लागली. नावाची मर्यादा सैल सुटली की तिचा भार रोग्याला वाहावा लागतो, हे महाराष्ट्राने शेगावच्या कितीतरी आधी पाहिलेले आहे.

युरोपात या गोंधळाला शिस्त लावण्याचे काम रॉबर्ट विलन या लंडनच्या डॉक्टरने १७९८ पासून केले. रोगाचे कारण ठाऊक नसले तरी कातडीवर उठलेली खूण नेमकी सांगता येते, हे त्याने ओळखले. सपाट डाग, टणक पुळी, पाण्याचा फोड, पूचा फोड, खवला, गाठ अशा आठ वर्गांत त्याने सगळे विकार बसवले. आजचा डॉक्टरही केसपेपरवर पहिल्यांदा हेच लिहितो. त्याच परंपरेत केस जाण्याला अ‍ॅलोपेशिया म्हणतात. हा मूळ ग्रीक शब्द लूत भरून केस झडलेल्या कोल्ह्यावरून आलेला आहे. त्यात कारणाचा उल्लेख नाही. केस गेले, एवढेच तो सांगतो.

शेगावच्या प्रसंगाशी सर्वांत जवळचे नाते आहे ते १८४३ मधल्या एका चुकीचे. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी या संशोधकाने मुलांच्या डोक्यातल्या तुटलेल्या केसांवर बुरशी शोधून काढली. शोध अस्सल होता. मात्र तो जाहीर करताना त्याने रोगासाठी जे लॅटिन नाव वापरले, ते विलनच्या परंपरेत चाईसाठी वापरात होते. परिणामी चाईसुद्धा बुरशीने होते आणि एकाकडून दुसऱ्याला लागते, असा समज वैद्यकात शिरला आणि अनेक दशके टिकला. शाळांत आणि अनाथाश्रमांत चाईच्या साथी आल्याची वर्णने त्या काळच्या नियतकालिकांत छापून येत राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली वस्तू खरी आणि रोगाचे नाव मात्र भलतेच, अशी ती गफलत होती.

शेगावात जिल्हा आरोग्य यंत्रणा जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात गावांत पोहोचली. घरोघर पाहणी झाली, पाण्याचे नमुने घेतले गेले, त्वचारोगतज्ज्ञांनी डोकी तपासली, काहींच्या कातडीचे बारीक तुकडे बायोप्सीसाठी काढले. पहिला अंदाज बुरशीचा होता आणि त्यानुसार बुरशीनाशक औषधे दिली गेली. तो अंदाज अगदीच निराधार नव्हता. भारतात नायट्याचे प्रमाण गेल्या काही वर्षांत वाढले आहे आणि गावात एकाच वेळी अनेकांना झालेला कातडीचा विकार म्हटला की डॉक्टरच्या मनात बुरशी आणि खरूज हेच आधी येतात. पण डोक्यातली बुरशी मुख्यतः लहान मुलांचा रोग आहे. तिच्यात केस मुळातून निघत नाहीत, कातडीलगत तुटतात. खाली खवले दिसतात. आणि ती आठवडे घेत पसरते. आठ ते बहात्तर वयाच्या माणसांची डोकी तीन दिवसांत, खपलीशिवाय साफ व्हावीत, हे बुरशीच्या चालीत बसत नाही.

दुसरा संशय पाण्यावर होता, आणि त्यालाही भूगोलाचा आधार होता. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांतून जाणारी पट्टी खारपाणपट्टा म्हणून ओळखली जाते. तिथल्या विहिरी आणि बोअरचे पाणी खारे आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच्याशी झगडत आले आहेत आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रारही तिथे जुनी आहे. नमुन्यांत क्षार आणि नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. परंतु जास्त नायट्रेटचा धोका तान्ह्या बाळाच्या रक्ताला असतो, त्याने केस जात नाहीत. शिवाय हे पाणी गावाने डिसेंबरात प्यायला सुरुवात केली नव्हती. पाणी वाईट होते, ते सुधारायलाच हवे होते, पण केस गळण्याचे ते कारण नव्हते. शाम्पू आणि साबणाचीही चौकशी झाली. ज्यांनी कधी शाम्पू लावला नव्हता त्यांचेही केस गेले होते, त्यामुळे ती फार पुढे गेली नाही.

या टप्प्यावर केसाच्या वाढीचा क्रम समजून घेणे आवश्यक आहे, कारण उलगड्याची किल्ली त्यातच होती. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस आपापल्या तालाने जगतो. वाढीची अवस्था, जिला अ‍ॅनाजेन म्हणतात, दोन ते सहा वर्षे चालते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणकाळ आणि मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती, म्हणजे टेलोजेन. विश्रांती संपली की केस गळतो. असे रोज ५० ते १०० केस कोणाचेही जातात. टायफॉइड, बाळंतपण, मोठे ऑपरेशन किंवा डेंगी झाल्यावर जे केस गळतात, ते या धक्क्याने एकदम विश्रांतीत गेलेले असतात. त्यामुळे गळती आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते आणि केस विरळ होतात, डोके क्वचितच उघडे पडते.

दिवसांच्या हिशेबात डोके साफ होते तेव्हा वाढीला लागलेले केसच मुळाशी मारले गेलेले असतात. डोक्यावरच्या दहांपैकी साडेआठ-नऊ केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असल्याने अशा वेळी जवळजवळ सगळे जातात. हा प्रकार कर्करोगावरच्या केमोथेरपीत दिसतो, आणि विषबाधेत. डॉक्टरला हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये पन्नास-साठ केसांची बट धरून हलके ओढायचे, हाती आलेले केस काचपट्टीवर ठेवून पाहायचे. विश्रांतीतल्या केसाचे टोक पांढरट आणि गदेसारखे फुगलेले असते. वाढत्या केसाचे मूळ गडद असते आणि त्याला कातडीचे वेष्टण चिकटलेले असते. विषाने मारलेला केस मुळाशी निमुळता होऊन तुटतो. म्हणून शेगावात विचारायचा प्रश्न ‘कोणता जंतू’ हा नसून ‘कोणते विष’ हा होता. थॅलियम हे अशा विषांत कुप्रसिद्ध आहे, पण त्यात तळपायांची असह्य आग होते आणि केस जायला दोन-तीन आठवडे लागतात.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची पथके दिल्ली आणि चेन्नईहून आली. रक्त, लघवी, केस, माती, पाणी, धान्य असे सगळे नमुने त्यांनी नेले. केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेले प्रतापराव जाधव बुलढाण्याचेच खासदार असल्याने दिल्लीपर्यंत दखल लवकर घेतली गेली. याच सुमारास डॉ. हिम्मतराव बावस्कर स्वतंत्रपणे या गावांत पोहोचले. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, शेतकऱ्याच्या घरात वाढलेले आणि सारी हयात कोकणात महाडला घालवलेले हे डॉक्टर विंचूदंशावरच्या प्राझोसिनच्या उपचारासाठी जगभर ओळखले जातात; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या कामातली त्यांची पद्धत इथेही तीच होती. रुग्णाजवळ बसायचे, तो काय खातो-पितो ते विचारायचे आणि घरात जाऊन पाहायचे.

घरांत सारखा निघालेला धागा म्हणजे रेशनचा गहू. बावस्करांनी तो तपासायला ठाण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. न धुतलेल्या गव्हात एका किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, धुतल्यावरही १३.६१ मिलिग्रॅम राहिले, म्हणजे ते वरून लागलेले नव्हते, दाण्याच्या आतच होते. स्थानिक गव्हाच्या मानाने हे प्रमाण सुमारे सहाशेपट होते. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते, आणि जस्त कमी झालेले होते. गव्हाच्या पोत्यांवरून तो पंजाबकडून आल्याचे त्यांनी सांगितले. या स्थितीला त्यांनी तीव्र स्वरूपाचा अ‍ॅलोपेशिया टोटॅलिस म्हटले, म्हणजे संपूर्ण डोक्याचे केस एकाएकी जाणे.

सेलेनियम हे मूलद्रव्य स्वीडनच्या बर्झेलियसने १८१७ मध्ये शोधले आणि त्याला चंद्राच्या ग्रीक नावावरून नाव दिले. शरीराला ते हवेच असते. प्रौढ माणसाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम, आणि ४०० मायक्रोग्रॅम ही वरची सुरक्षित मर्यादा. गरज आणि धोका यांच्यातली इतकी अरुंद पट्टी फार थोड्या पोषकद्रव्यांची असते. बावस्करांच्या आकड्यावरून हिशेब केला, तर २०० ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून जवळजवळ २,९०० मायक्रोग्रॅम पोटात जातात, म्हणजे मर्यादेच्या सातपट. शेतात राबणारा माणूस ३०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या सहज खातो. त्याचा आकडा ४,३०० च्या वर जातो. केसावर घाव पडतो त्याचे कारण रसायनात आहे. केस आणि नख ज्या केराटिनचे बनतात त्याची बळकटी गंधकाच्या बंधांवर असते. सेलेनियम आवर्तसारणीत गंधकाच्या थेट खाली बसते, शरीर त्याला गंधकाच्या जागी स्वीकारते, आणि मग ते बंध टिकत नाहीत.

या विषबाधेला सेलेनोसिस म्हणतात आणि तिचा इतिहास माणसांआधी जनावरांचा आहे. अमेरिकेच्या डकोटा भागात फोर्ट रँडल येथील लष्करी डॉक्टर मॅडिसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घोड्यांची आयाळ व शेपटीचे केस झडल्याची आणि खूर निखळल्याची नोंद केली. तिथल्या शेतकऱ्यांनी याचा दोष खाऱ्या पाण्याला दिला आणि रोगालाच अल्कली रोग असे नाव पडले. खरे कारण चाऱ्यातले सेलेनियम आहे हे कळायला १९३० चे दशक उजाडले. खारपाणपट्ट्यात पहिला संशय पाण्यावर जावा, हे त्या इतिहासाशी चमत्कारिक रीतीने जुळते. माणसांतली सर्वांत मोठी साथ चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात झाली. दुष्काळाने भात बुडाला, लोक सेलेनियमयुक्त जमिनीतला मका आणि भाजीपाला खाऊ लागले, आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या पाच खेड्यांत जवळजवळ निम्म्या लोकांचे केस व नखे गेली. पुढे तिथल्या काही रहिवाशांच्या आहाराची मोजणी झाली तेव्हा दिवसाला सरासरी पाच मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम पोटात जात असल्याचे दिसले. बोंडगावच्या पोळीचा वर काढलेला हिशेब याच टापूत पडतो.

पंजाबमध्येही असा पट्टा आहे. शिवालिकच्या टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळामुळे नवांशहर (आताचा शहीद भगतसिंग नगर) आणि होशियारपूर जिल्ह्यांतल्या काही गावांची जमीन सेलेनियमयुक्त आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्या जमिनी, तिथला गहू आणि खूर गळणारी जनावरे यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तरी पोत्यावरच्या छापावरून दाणा कोणत्या शेतातला हे ठरत नाही. सरकारी खरेदीत हजारो शेतकऱ्यांचा गहू गोदामात एकत्र होतो आणि रेशन दुकानात येईपर्यंत त्याची ओळख पुसलेली असते. बावस्करांच्या निष्कर्षातला गहू आणि रुग्ण यांच्यातला दुवा भक्कम आहे. शेत आणि गहू यांच्यातला दुवा त्या मानाने कच्चा. धान्याची प्रत ठरवताना ओलावा, खडे, तुटके दाणे, कीड हेच पाहतात. दाण्याच्या आतले मूलद्रव्य त्या पाहणीत दिसत नाही.

बहुतेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. हे अपेक्षितच होते, कारण विषाने केस मरतो, त्याचे बीजकोश शाबूत राहतात. ज्यात बीजकोशाच्या जागी व्रण होतो ते टक्कल कायमचे असते. मग एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून दुसरी बातमी आली. चार गावांतल्या २९ जणांची नखे वाकडी, खडबडीत होत होती आणि काहींची पूर्णच गळून पडली होती. पुन्हा गावात घबराट पसरली, नवा रोग आला अशी चर्चा झाली. हा रोग नवा नव्हता. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. नखाच्या मुळाशी डिसेंबर-जानेवारीत बसलेला घाव आधी कातडीखाली असतो, मग आडव्या खाचेच्या रूपाने बाहेर येतो आणि पुढे सरकत राहतो. खाच खोल असेल तर तिथून नख सुटते. साडेतीन-चार महिन्यांत तो दहा-बारा मिलिमीटर पुढे, म्हणजे बोटाच्या टोकाजवळ पोहोचतो. एप्रिलमधली नखे त्यामुळे डिसेंबरातल्या विषबाधेची तारीखच सांगत होती. पायाची नखे याहून सावकाश वाढतात. अंगठ्याचे पूर्ण नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते.